पायांसाठी राखलेलं पाणी

आमच्या घरमालकांनी मला अमेरिका दिली, तेव्हा मला चेन्नईत येऊन जेमतेम महिना झाला होता. नितीनला युगोस्लाविया मिळाला. नितीन म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, नाशिकचा, मोटारींच्या कारखान्यात नोकरीला. आम्ही दोघं संध्याकाळी भाजी चिरत बसलो होतो आणि घरमालक काका दारात येऊन उभे राहिले. कपाळावर राखेचा क्रूस, हातात काळी छत्री. ही छत्री पावसासाठी नव्हती. नकाशावरचे देश दाखवायला ते तिचं टोक वापरत.

"आजपासून ईस्टरपर्यंत तू अमेरिका," ते मला म्हणाले. "तुझ्या देशाचं पाप तुझ्या डोक्यावर. बोल, काय सोडतोस?"

"काका, मी सांगलीचा आहे. आणि हिंदू आहे."

"मग? अमेरिकेत हिंदू नाहीत?"

ह्यावर माणसाने काय बोलावं? बरं, मैलापूरला समुद्राच्या बाजूला, तेवढ्या भाड्यात, मराठी बोलणारा घरमालक पुन्हा मिळाला नसता. मी अमेरिका घेतली. नितीन मात्र वाद घालणारा. तो म्हणाला, "काका, युगोस्लाविया आता राहिला नाही. तुकडे झाले त्याचे."

काकांनी टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि म्हणाले, "मग त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून कर."

काका मूळचे वसईकडचे कॅथलिक. तरुणपणी रेल्वेचे डबे बांधायच्या कामावर मद्रासला आले ते तिथलेच झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोल्या ते फक्त मराठी मुलांना देत, आणि त्यामागे कसलं भाषाप्रेम वगैरे नव्हतं. "तमिळमध्ये मी भांडतो रे, पण भांडून समाधान होत नाही," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी, आगाऊ भाडं हातात घेता घेता सांगितलं होतं. त्यांना भांडायला माणसं हवी होती आणि आम्हाला खोली हवी होती.

ते देशांचं प्रकरण असं होतं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस ह्या लोकांचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची आणि आपल्याला आवडणारं काहीतरी सोडायचं, कुणी मटण, कुणी साखर, कुणी विडी. इथवर सगळं समजण्यासारखं आहे. पण काकांचं म्हणणं, की जगाचं जे वाटोळं झालंय ते करणारे काहीच सोडत नाहीत. मग त्यांच्या वतीने कुणीतरी सोडायला नको? म्हणून देशांचं वाटप. बाहेरच्या खोलीत क्रूसाच्या खाली जगाचा मोठा नकाशा टांगलेला होता. तोही इतका जुना की त्यात रशिया अजून अख्खा होता. नव्याने झालेल्या देशांसाठी आमच्या घरात प्रार्थना होत नसे, कारण ते काकांच्या दृष्टीने अजून जन्मालाच आले नव्हते.

मी साखर सोडतो म्हटलं. काकांनी नाक मुरडलं. "साखरेने अमेरिकेला काय होणार? बलाढ्याला हरायची सवय लागली पाहिजे. तू कॅरम सोड."

"म्हणजे खेळायचा नाही?"

"खेळायचा. रोज खेळायचा. आणि रोज हरायचा."

आता, कॅरम हा माझा मर्मबिंदू. कॉलेजात मी हॉस्टेलचा राजा होतो, हे मी त्यांना नको तेव्हा सांगून बसलो होतो. तर रोज संध्याकाळी पेरुंगुडीच्या ऑफिसातून, अमेरिकेतल्या एका बँकेच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून, बसच्या गर्दीत पिळून निघून मी घरी यायचो आणि नितीनकडून हरायचो. त्या नितीनकडून, ज्याला स्ट्रायकर धड धरता येत नव्हता. काका शेजारी रोझरीची माळ हातात घेऊन बसायचे आणि माझ्यावर नजर ठेवायचे. मी राणी मुद्दाम सोडली की म्हणायचे, "असं नको. मनापासून हर." मनापासून हरणं किती अवघड असतं ते करून बघा. माझं डोकं फिरायचं.

पहिल्या शुक्रवारी नितीनने साबुदाण्याची खिचडी केली. म्हटलं, त्यांचाही उपवास आहे, आपलाही होऊन जाऊ दे. काकांनी दोन बशा खाल्ल्या. दाण्याचा कूट, तूप, बटाटा, वर दही. मग बोटं चाटत विचारलं, "ह्यात सोडलं काय?"

"तांदूळ," नितीन म्हणाला.

"तुमचा उपवास हा असा असेल तर मी उद्याच बाटतो," काका म्हणाले आणि तिसरी बशी मागितली.

उपवास ह्या विषयावर त्यांचं आपल्याच लोकांशीही पटत नव्हतं. मटण सोडून मासे खायला त्यांच्यात मुभा आहे. काकांना हे सहन होत नसे. "वसईच्या माणसाने मटण सोडून पापलेट खायचं आणि देवाला सांगायचं की बघ मी त्याग केला? देवाला काय कळत नाही काय पापलेट?" म्हणून ते उपवासकाळात मासे सोडत. मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चाळीस दिवस ते रस्सम-भात खात आणि संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून नुसते बसत. मला त्यांची दया यायची.

दोनेक आठवड्यांनी अमेरिकेने इराकवर हल्ला केला. मी सकाळी दात घासत होतो. काकांचा शॉर्टवेव्हचा रेडिओ बंद झाला, ते बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. रोज सकाळी आम्हाला त्यांच्याकडून फिल्टर कॉफी मिळायची. त्या दिवशी एकच पेला बाहेर आला. तो युगोस्लावियासाठी होता.

"काका, ह्यात माझा काय दोष?"

"असं सगळेच म्हणतात," ते म्हणाले. "कारखान्यात बाँब करणारा म्हणतो, मी फक्त स्क्रू पिळला. तू त्यांच्या बँकेच्या चुका शोधतोस ना? मग ही चूक नाही दिसली?"

कॉफी लढाई थांबेपर्यंत बंद राहणार होती. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर पिऊ लागलो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालू लागलो. खरं सांगायचं तर लढाई लवकर संपावी असं त्या दिवसांत माझ्याइतकं मनापासून कुणाला वाटत नसेल.

आता पायांकडे वळतो, कारण ह्या माणसाची खरी भानगड पायांचीच होती.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते म्हणून. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात, फादर कमरेला टॉवेल गुंडाळून गुडघ्यांवर बसतात, एकेकाच्या पायावर पाणी ओतून पुसतात. काकांचं म्हणणं, की इतकी वर्षं ते बघत आलेत आणि त्या खुर्च्यांवर कायम कोण बसतं? बँकेचे साहेब, शाळेचे ट्रस्टी, देणगीवाले. हे लोक दुपारीच घरी पाय घासतात, नखं कापतात, पावडर लावतात, धुतलेले मोजे घालून येतात आणि मग फादरपुढे मोजा काढतात. "धुतलेले पाय धुवायचे," काका म्हणायचे, "ह्याला आमच्या गावात वेड लागलं म्हणतात. शिष्य काय पावडर लावून बसले होते? कोळी होते ते. पायाला खवले असतील त्यांच्या."

आदल्या वर्षी त्यांनी तेव्हाच्या फादरना गळ घालून चेन्नईजवळच्या कोवलमचे (केरळातलं कोवलम वेगळं) चार कोळी मिळवले होते. स्वतः बसने जाऊन त्यांना घेऊन आले. आणि बसमध्ये काकांनी खाली बघितलं, तर चौघांचे पाय चकचकीत. साबण लावून, दगडाने टाचा घासून आले होते बिचारे. फादरपुढे मळके पाय कसे न्यायचे? काकांनी भर बसमध्ये त्यांच्याशी भांडण केलं. एकाला तर म्हणे उतरून चिखलातून चालून यायला सांगितलं. तो उतरला तो परत आलाच नाही.

"माणसाला सांगितलं की तुझे पाय धुणार आहेत, की तो धुवून येतो," काका मला म्हणाले. "म्हणजे सांगायचंच नाही. जो कामावरून थेट येईल त्यालाच बसवायचं."

आणि असे पाय त्यांनी हेरून ठेवले होते. आरोक्यम्माचे.

आरोक्यम्मा कोवलमहून बसने मासे घेऊन यायची. डोक्यावर ॲल्युमिनियमची मोठी टोपली, पायात काही नाही. सकाळी ताजे मासे दारोदार, संध्याकाळी उरलेले बाजाराच्या तोंडाशी बसून. काही बसवाले वासामुळे तिला घेत नसत, त्यामुळे बरीच वाट चालणंच व्हायचं. उपवासकाळात काका तिच्याकडून काही घेत नसत, तरी तिने रोज फाटकाशी थांबलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. ते तिच्याशी तमिळमध्ये बोलायचे, आणि बोलायचे तिच्या पायांकडे बघून. तिलाही त्यांनी एक देश देऊ केला होता. ती म्हणाली होती, "अय्या, माझ्याकडे देश ठेवायला जागा कुठाय? मला कोवलम पुरे."

एके दिवशी तिने स्पष्टच सांगितलं, "अय्या, तुम्ही मासे सोडता आणि माझ्या घरी भात कमी शिजतो. ह्या गल्लीत तुमच्याएवढं घेणारं कोण आहे?"

काकांनी जोरजोरात मान हलवली. "बघ," ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हाच तो अन्याय. हिच्याविषयी कुणी विचारच करत नाही." आणि परत तिच्याशी पायांबद्दल बोलू लागले.

फादर तरुण होते, त्या चर्चमध्ये नवे. काका मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. फादर म्हणाले, "अंकल, बाई बसवता येत नाही. नियमात पुरुष म्हटलंय."

"नियम पायांसाठी आहे की मिशांसाठी?"

फादर हसले, पण लगेच गंभीर झाले. "मी इथे नुकताच बदलून आलोय. मला लगेच बदलून जायचं नाहीये. आणि तसंही ह्या वर्षी पाय धुणार कशाने? टाकी कोरडी आहे. मी बोटं बुडवून पायांना लावणार आहे."

काका ताडकन उठले. "पाणी मी आणतो. बारा जणांचं. भरपूर. तुम्ही फक्त नीट ओता."

पाण्याचे त्या वर्षी चेन्नईत हाल होते. तलाव आटलेले, नळाला फुसफुस हवा. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची लॉरी यायची, आणि रांगेत माणसं कमी, रंगीत प्लास्टिकच्या घागरी जास्त. इथे त्यांना कुडम म्हणतात. काकांना रांगेत पाठवणं म्हणजे आत्मघात, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. कारण शेवटच्याला पुढे बसवावं असं त्यांच्या धर्मात आहे म्हणे. त्यामुळे आपला नंबर आला की ते आदबीने बाजूला व्हायचे, मागच्याला पुढे करायचे आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहायचे. लॉरी निघून जायची. हे रिकामी घागर घेऊन, चेहऱ्यावर समाधान घेऊन परत. शेवटी रांग मी आणि नितीनने ताब्यात घेतली.

तर आम्ही आणलेल्या त्या पाण्यातून काकांनी पिंप भरायला घेतलं. अंगणात निळं प्लास्टिकचं पिंप, झाकणाला कुलूप. उपवासकाळात चर्चमधले पुतळे जांभळ्या कापडाने झाकतात, तसं ह्यांनी पिंपावरही जांभळं कापड घातलं. आमची आंघोळ अर्ध्या बादलीवर आली, उरलेली अर्धी पिंपात. स्वतः काका तर ओल्या टॉवेलने अंग पुसायचे आणि तो टॉवेल पिळून झाडाला घालायचे. म्हणजे माणूस ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर मी सुखाने त्याचा द्वेष केला असता.

आणि त्याच सुमारास आरोक्यम्माने पाणी मागितलं.

तिची मुलगी बाळंत होऊन घरी आली होती. कोवलमला हातपंपाला खारं पाणी येऊ लागलेलं. त्या पाण्याने बाळाच्या अंगावर पुरळ उठला होता, मुलीच्याही पोटाला ते पाणी सोसत नव्हतं. "रोज एक कुडम गोडं पाणी द्या, अय्या. मासे देते बदल्यात." एवढंच. फुकट मागत नव्हती.

काकांनी तिला पितळी तांब्याभर पाणी प्यायला दिलं. ते त्यांच्या स्वतःच्या वाटणीचं होतं, हे मी पाहिलं. पण पिंपाला हात लावू दिला नाही. "ते देवाला वाहिलेलं पाणी आहे. तुझ्याच पायांसाठी आहे ते. ईस्टर झाला की अख्खं पिंप तुझं."

"बाळाला ईस्टर काय कळतंय, अय्या," ती म्हणाली. रागाने नाही, नेहमीच्या आवाजात. टोपली उचलली आणि गेली.

मला त्या दिवशी काकांचा खरोखर संताप आला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाटणीची घागर भरून फाटकाशी ठेवली. काकांनी खिडकीतून बघितलं आणि चपला न घालताच धावत आले.

"आत ने."

"माझं पाणी आहे, काका. मी एक दिवस पारोसा राहीन."

"अमेरिकेने मदत पाठवायची नाही. आधी लढाई थांबव." माझ्याकडे बघून ते हे इतक्या कळवळून म्हणाले, की मला हसावं की त्यांना ढकलावं ते कळेना. "अरे, आज एक घागर दिलीस की उद्या दुसरी जाईल, आणि गुरुवारी पिंप रिकामं. मग फादर पुन्हा बोटं बुडवून पावडरवाल्यांना लावतील. एवढी वर्षं मी काय बघत आलोय? एकदा, फक्त एकदा त्या बाईच्या पायावर चर्चमध्ये सगळ्यांसमोर पाणी पडू दे. मग जग बदलेल की नाही ते मला नको सांगूस."

त्यांचे डोळे भरले होते. मी घागर आत नेली आणि रात्रभर स्वतःवर चिडत राहिलो. पुढे ऑफिसातून येताना मी पाण्याची बाटली आणून तिला द्यायचो. पण बाटलीने काय बाळ धुतलं जातं?

गुरुवार आला. बारांपैकी एक साहेब तापाने पडले. ऐनवेळी बारावा कुठून आणणार, आणि काकांनी तर सबंध पिंप आणलेलं. फादरनी सकाळी त्यांनाच बसायला सांगितलं. काका दुपारी मुद्दाम समुद्रावर चालून आले होते, पायांना वाळू, डांबर आणि कसली तरी चिकट घाण. शेवटच्या खुर्चीवर बसले. मी आणि नितीनने तीनचाकी सायकलवरून पिंप ढकलत आणून बाजूच्या दारापाशी लावलं होतं. नितीन पाण्याचा जग फादरपाशी नेऊन द्यायचा आणि रिकामा परत आणायचा. मी तो भरायचो. मी मगने भरतोय, अंगावर अर्ध्या बादलीच्या आंघोळीचा घाम, आणि समोर देखण्या, गोऱ्यागोमट्या टाचांवर माझं पाणी धो धो पडतंय. लोक बघत होते ते पायांकडे नव्हे, पाण्याकडे. कितीतरी दिवसांत कुणी असं ओतलेलं पाहिलं नव्हतं. पुढच्या बाकावरची एक आजी चक्क जिभेने ओठ ओले करत होती.

आरोक्यम्माला काकांनी एवढंच सांगितलं होतं, की बाजारातून थेट चर्चच्या दाराशी ये, टोपली घेऊन, काम आहे. ती दारात उभी होती. अकराव्या साहेबांचे पाय पुसून होत होते तेव्हा काका उठले, मधल्या वाटेने तिच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "वा, आरोक्यम्मा." म्हणजे तमिळमध्ये, ये. ती आली. काकांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खुर्चीमागे उभे राहिले.

चर्चमध्ये गाणं चालू होतं ते अडखळलं, मग कुणीतरी पुन्हा उचललं. फादर गुडघ्यांवर, हातात जग, समोर परात, आणि परातीपलीकडे ते पाय. भेगाळलेले, घोट्यापर्यंत चिखल, बोटांत खवले चमकत होते. साहेबांपैकी एकाने घसा खाकरला. फादरनी एकदा वर तिच्या तोंडाकडे बघितलं, एकदा काकांकडे. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं, कारण बदलीची भीती माझ्याही नोकरीत आहे. मग त्यांनी जग उचलला.

काकांनी डोळे मिटले. हीच ती घटका.

आणि आरोक्यम्माने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. शेजारच्या टोपलीत हात घातला, गुलाबी प्लास्टिकचा कुडम काढला आणि परातीत जगाखाली ठेवला.

"सामी," ती फादरना म्हणाली, "पायावर नको. ह्यात ओता. घरी बाळ आहे."

काकांनी डोळे उघडले.

फादर तसेच थांबले. काय करायचं असतं अशा वेळी, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नसणार. मग त्यांनी ओतलं. एका जगाने कुडमचा तळ झाकला. नितीन दुसरा जग घेऊन गेला, तोही गेला. मी भरत होतो, नितीन धावत होता, फादर गुडघ्यांवरून ओतत होते. गाण्याची कडवी संपली. गाणाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण पाय धुणं संपल्याशिवाय गाणं संपवायचं नसतं. दुसऱ्यांदाही संपत आलं तेव्हा कुठे कुडम काठोकाठ भरला. आरोक्यम्माने त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधली, पदराची चुंबळ केली, कुडम डोक्यावर घेतला, टोपली काखोटीला मारली. फादरना मान लववली आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर गेली. तिची बस होती.

खुर्ची रिकामी राहिली. फादर हळूच म्हणाले, "अंकल, बसा. तुमचे धुतो."

काका स्वतःच्या पायांकडे बघत होते. "नको, फादर," ते म्हणाले. "पाणी राहू द्या."

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती आली नाही, त्या दिवशी कोवलमचे कॅथलिक मासे विकत नाहीत. काका दिवसभर अंगणात बसून होते. रेडिओ लावला नाही, नकाशाकडे फिरकले नाहीत, माझ्याशी, नितीनशी भांडलेही नाहीत. आम्ही घाबरलो. नितीनने खिचडी केली, तीही परत पाठवली.

शनिवारी सकाळी ती फाटकाशी आली. काकांनी पिंपावरचं जांभळं कापड काढलं, कुलूप काढलं आणि उरलेल्या पाण्याने तिचा कुडम स्वतः भरला. मग तिच्याकडून टोपलीभर बांगडे घेतले. घरात जाऊन चिंच, हळद, मिरची लावून तळायला बसले. सबंध गल्लीत वास सुटला.

"काका," मी म्हटलं, "उद्या ईस्टर. एक दिवस थांबायचं होतं. चाळीस दिवस पाळलेला उपवास मोडला ना."

त्यांनी बांगडा उलटला. "माझा नव्हताच तो," ते म्हणाले. "मी सोडत होतो आणि उपवास तिला घडत होता. आणि मी बसलो होतो तिच्या पायांकडे बघत." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तूही सोड अमेरिका. कॅरम काढ."

मी त्यांना असं हरवलं की बस. एकही सोंगटी शिल्लक ठेवली नाही. त्यांनी प्रत्येक वेळी "शाबास" म्हटलं आणि मला पुन्हा कॉफी मिळाली.

त्यानंतर वर्षभर, लॉरीचं पाणी आलं की पहिला कुडम आरोक्यम्माचा. रांगेत काका स्वतः जाऊ लागले, आणि नंबर आला की बाजूला होणं बंद. उलट मध्ये कुणी घुसलं तर तमिळमध्ये असे भांडायचे की लॉरीवाला खाली उतरून बघायचा. रोज रोज तिला वजन झेपत नाही म्हणून बसथांब्यापर्यंत कुडम हेच न्यायचे. कंडक्टर कुडम चढवू द्यायला तयार नसे. काका त्याच्याशी वाद घालत बसमध्ये चढायचे आणि कितीतरी वेळा तसेच कोवलमपर्यंत जायचे, मांडीवर कुडम घेऊन. घरी परत यायचे ते अर्धे भिजलेले. ते बाळ मोठं होऊन त्यांना बघून हसायला लागल्याचं त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलं.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी मी आणि नितीन देशांची वाट बघत बसलो होतो. मी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं, की अमेरिका आता घेणार नाही, एखादा लहानसा, निरुपद्रवी देश मागू. काका आले. कपाळावर राख होती, छत्री नव्हती. काखेत रिकामा कुडम.

"काका, वाटप?"

"ज्याचं त्याने बघा," ते म्हणाले. "काय झेपेल ते घ्या."

"आणि तुम्ही काय घेतलंत?"

ते पायात चपला सरकवत होते. लॉरीचा हॉर्न ऐकू आला.

"कोवलम," ते म्हणाले. "तेही अजून जमत नाही रे." आणि घाईघाईने रांगेत नंबर लावायला गेले.